नाकावरचा रुमाल

३ फेब्रुवारी

चि. खारूताईस, मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा घाबरले आणि तिसऱ्यांदा शेजारच्या मुलीचं शाळेचं पुस्तक मागून आणलं. लहानपणी काड्यापेटीत मुंगळे पाळायचीस, आता जंतू पाळतेस आणि वर त्यांना दिवे लावतेस! तुझ्या आईला हे ठाऊक आहे का? मला समजलं ते असं: जिवाच्या आत त्याच्या घडणीची एक लांबच लांब साखळी असते. विषाने ती तुटली की जंतू आतल्या आत बोंब ठोकतो, आणि तुम्ही त्या बोंबेला दिवा जोडलाय. चुकलं असेल तर हसू नकोस. मावशी पुड्यांचे कागद वाचत वाचायला शिकलेली आहे.

मग वाटलं, तुझ्या जंतूंनाच विचारावं. तुझे काका रंगाच्या कारखान्यात भुकटी तोलायचे. ज्या रक्ताच्या आजाराने ते गेले, तो कशाने झाला विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, कुणालाही होतो. आता यांच्या जागी धाकटे भावोजी बसतात, त्याच खोलीत, त्याच काट्यापुढे. मी म्हटलं, खोली बदलून मागा. तर म्हणतात, वहिनी, पुरावा काय? यांच्या वेळी कामाचे कपडे घरी यायचे. आता ते तिथेच काढून ठेवावे लागतात आणि दारात झडती होते. म्हणून यांचाच शर्ट पाठवतेय. परक्या ठिकाणी जायचा, तेव्हा दोनदा साबण लावून, इस्त्री करून दिलाय.

लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर दे.

तुझी मावशी

१९ फेब्रुवारी

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

शर्ट पोचला. घडी अशी सुरेख, की आमच्या मुख्य बाईंनी सगळ्यांना बोलावून दाखवली आणि म्हणाल्या, इतकी स्वच्छ वस्तू या प्रयोगशाळेत आजवर आलेली नाही. तरी करून बघायचं ठरवलं. बाही कापून भिजवली आणि ते पाणी जंतूंना दिलं. मिट्ट अंधार. शेजारच्या ताटलीत आम्ही मुद्दाम ओळखीचं विष घालतो, जंतू जागे आहेत की नाही ते कळायला. ती छान उजळली. म्हणजे जंतूंची काही चूक नव्हती. मावशी, साक्षीदारालाच आंघोळ घातलीस गं!

या अंधाराचा अर्थ भुकटी चांगली असा मुळीच धरू नकोस. शर्टात काही उरलं नव्हतं, एवढंच. काकांची न धुतलेली एखादी वस्तू आहे का? टोपी, पिशवी, काहीही चालेल. आणि पुन्हा साबणाला हात लावशील तर बघ.

माया असू दे, आणि वस्तूंवर थोडी कमी कर.

तुझी खार

२ मार्च

चि. खारूताईस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझं डोकं गरगरतंय. दिवा लागला तर विष, हे कळलं. पण दिवा नाही लागला तर विष नाही, किंवा विष होतं पण धुतलं गेलं, हे दोन्ही खरं कसं? गप्प बसलेल्या माणसाला काही माहीत नाही, का त्याला सांगायचं नाही, तसंच हे.

त्यातून पत्र आलं तेव्हा भावोजी इथेच होते. मी वाचून दाखवत होते. अंधार म्हटल्यावर त्यांनी पुढचं ऐकलंच नाही. दादाचा शर्ट पास झाला, असं आता गल्लीभर सांगत फिरतात. काल तोलायला आणखी दोन तास जास्त बसू का, असं त्यांनी साहेबांना आपणहून विचारलं. मला तर वाटतं, मी विचारायला गेले आणि त्यांना आणखी आत ढकललं.

न धुतलेलं घरात काहीच नाही. मला ओळखतेस ना.

तुझी मावशी

५ मार्च

चि. खारूताईस, आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. एक वस्तू आहे. तोलताना हे नाकावर मोठा रुमाल बांधायचे. शेवटच्या दिवशी तो डब्याच्या पिशवीतून घरी आला तो आला. उशीच्या अभ्र्यात ठेवते. त्याला यांचा वास आहे. धुतला तर जाईल म्हणून धुतला नाही, आणि तू मागशील म्हणून सांगितला नाही.

काल भावोजी आले तेव्हा बोलता बोलता खोकत होते. मग अर्धा कापला. सरळ कापायला गेले, तिरकाच गेला. मोठा तुकडा तुझ्या वाट्याला आलाय. बरणीत घातलाय, साबणाचा थेंब नाही. भिजवल्यावर परत देता येतो का? नसेल तर राहू दे, मला कळवू नकोस.

मावशी

२८ मार्च

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण खात्री होईपर्यंत लिहायचं नव्हतं. रुमालाचं पाणी दिलं, तर आधी पुन्हा अंधार. मी रडायच्या बेतात होते. बाई म्हणाल्या, काही रंग स्वतः निरुपद्रवी असतात, शरीरातल्या यकृतात गेले की विषारी होतात. जंतूला कुठलं यकृत? तेव्हा यकृताचा अर्क घालून पाहा. घातला. मावशी, ताटली उजळली. आम्ही पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी उजळली.

काका यानेच गेले का, हे मात्र जंतू सांगू शकत नाहीत. बाईही सांगू शकत नाहीत. रुमालातली भुकटी साखळी तोडते, एवढंच ठाम आहे. बाईंनी तेवढंच एका कागदावर सही करून दिलंय, भावोजींनी तो साहेबांपुढे ठेवावा. आणि पत्र या वेळी शेवटपर्यंत ऐकावं.

आता माझं ऐक. उरलेला अर्धा उशीतून काढ. नाकाशी धरू नकोस. झाकणाच्या बरणीत बंद कर. मला हे लिहिताना काय होतंय ते तुला कळेल.

तुझी खार

९ एप्रिल

चि. खारूताईस, मावशीचे अनेक आशीर्वाद.

भावोजींपुढे कागद ठेवला. ते म्हणाले, कागद काय, कुणीही लिहितं. मग मी बरणी ठेवली. म्हटलं, हा तुमच्या दादाचा वास, यातच ते विष आहे म्हणतात. त्यांनी झाकण जरासं उघडलं आणि लगेच लावलं. मग म्हणाले, वहिनी, हा दादाचा वास नाही हो, हा त्या खोलीचा वास आहे. आम्ही जेवढे तिथे बसतो, त्या सगळ्यांच्या अंगाला तो येतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोली बदलून मागितली. साहेब कुरकुरले, पण कागदावरची सही बघून दिली. आता ते दुसऱ्या खोलीत मालाचे गठ्ठे बांधतात. खोकला अजून आहे. तो कधी जाईल ते विचारायचं धाडस मला होत नाही.

बरणी फडताळात वर ठेवलीय. अभ्रा धुतला. पण खारूताई, माझा फार गोंधळ झालाय. इतके दिवस मी उशाशी काय घेऊन झोपत होते? आणि तो कारखान्याचा वास असेल, तर यांचा कुठला? आठवायला बसले की भुकटीच आठवते.

तू चार-पाच वर्षांची होतीस, तेव्हा हे त्या खोलीत गेले नव्हते. सायकलवरून माल पोचवायचे. तुला दांडीवर बसवून गावभर न्यायचे, तुझं डोकं अगदी यांच्या हनुवटीखाली असायचं. तुला काही आठवतंय का? आठवत असेल ते लिही. नसेल तर तसंच लिही, या वेळी मला कळव.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
मावशी