तिसरं वाहन

सातारा,
रविवार, ३ मे २०२६

ती. चंदनबाला आत्यास,
श्रद्धाचा सा. न. वि. वि. तुझा फोन अण्णा स्पीकरवर ठेवायला लावतात, म्हणून पत्रच.

मागच्या पत्रात माझी चूक झाली. लाल गाडी घेऊन अण्णांनी व्रत मोडलं, असं मी लिहिलं होतं. ते मोडलेलं नाही. गेल्या चातुर्मासात जैन मुनिमहाराजांपुढं त्यांनी नियम घेतला, की वाहनं दोनच ठेवीन. जीप आणि ट्रॅक्टर धरून त्यांची दोनच भरतात. ती दोन माणसांची, छत उघडणारी तिसरी माझ्या नावावर आहे. विम्याचे कागद म्हणून त्यांनी पाठवले आणि मी सही केली. घरात पहिली शिकलेली मी. सगळ्यांचे कागद वाचते, बापाचे तेवढे वाचले नाहीत.

या महिन्यात मला कचेरीत मालमत्तेचं विवरण द्यायचं आहे. गाडी लिहिली तर ती माझी होते, गाळली तर मी खोटी ठरते. येत्या दिवाळीला हळदीची अडत बंद करण्याआधी त्यांनी ही एकच हौस केली, ती मोडायला माझा हात धजत नाही. तू थोरली बहीण. त्यांना विचारशील का?

तुझी,
श्रद्धा

माधवनगर,
शुक्रवार, ८ मे

चि. श्रद्धाला आत्याचा पोटभर आशीर्वाद.

विचारलं गं. तुझा बाप रामगोंडा म्हणतो, नियम माझ्या नावाचा, गाडी पोरीच्या नावाची, यात पाप कुठं हाय. मग किल्ली तुझ्या कमरेच्या करगोट्याला का, म्हटल्यावर त्याला हळदीचा भाव आठवला. तुझ्या फॉर्मात एक ओळ कमी लिहायची, बापासाठी तेवढं करावं म्हणं. लय शाना झालाय.

काल मला त्या गाडीतनं बस्तीला, देवदर्शनाला नेलं. बसले न्हाई, पडले. उठवायला दोन बाया लागल्या. गतिरोधक आला की मी उतरायचं, गाडी हलकी होऊन पुढं जायची, मग मी परत पडायचं. चालत गेले असते तर देव लवकर भेटला असता. तुझी आई बसतच न्हाई. म्हणती, नवऱ्याच्या गाडीत बसीन, लेकीच्या न्हाई.

पण चाळीस वर्सं पोत्यांच्या टेम्पोत बसलेला माणूस त्यात बसला की हसतो. ते बघून मला जास्त बोलवलं न्हाई. तुझ्या नोकरीपुढं ते हसू किती धरायचं, तूच बघ.

माया हाय, कमी पडली तर कळव.

आत्या

सातारा,
गुरुवार, १४ मे

ती. आत्यास सा. न.

सोमवारी विवरण दिलं. गाडी लिहिली, वडिलांकडून भेट म्हणून. साहेबांनी विचारलं, आहे कुठं. सांगलीत, वडिलांकडे, असं मी सांगितलं. भेट वडिलांना फारच आवडलेली दिसते, म्हणाले. मला हसता आलं नाही.

काल अण्णांना फोन केला. जीप विका, किंवा तिसरं वाहन झालं असं महाराजांना सांगा आणि गाडी तुमच्या नावावर करून घ्या, असं सुचवलं. जीप विकणार नाही, महाराजांपुढं मान खाली घालणार नाही आणि गाडी तुझीच आहे, असं ते सगळ्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. मी वाद घातला नाही. गाडीबद्दल ते पहिल्यांदाच खरं बोलत होते.

लायसन माझ्याकडे आहे, दुसऱ्या खेपेला मिळालेलं. अण्णांना हवं तर त्यांनी शेजारी बसून साताऱ्यापर्यंत यावं, दिवस मावळायच्या आत जेवायला वाढीन. चालवणार मात्र मी.

तुझा लोभ राहू दे आणि त्यांच्या रागातला थोडा वाटून घे. गाडी न्यायला मी येते आहे शनिवारी, २३ मे रोजी.

श्रद्धा