आमचा हमाम जगभर पोहोचणार

३ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहायचं. वडिलांच्या मागे हमाम, म्हणजे गावाचं जुनं गरम न्हाणीघर, आम्ही दोघं भावंडं चालवतो. विचार मी करतो, बाकीचं नेझिहेताई बघते. आमच्या कास्तामोनू गावात हल्ली टूरिस्ट येतात, घुमटाचा फोटो काढतात आणि जातात. आत कुणी येत नाही. संकल्प : परंपरा वाचवायची. त्यासाठी हमाम बदलायचा.

६ नोव्हेंबर
आयडिया सुचली. घुमटाशेजारी गच्ची, पांढऱ्या गाद्या, समोर किल्ला, हातात चहा. अडचण एकच, भिंतींतून वर येणारी धुराडी. गाद्यांवर काजळी पडणार. बुजवायची.
ताई म्हणाली, "अरे रेफिक, भट्टीचा धूर त्यातूनच जातो. मग जाणार कुठे?"
मागचं एक ठेवतोय, म्हटलं.
"बाबा असते तर थोबाडीत दिली असती."
बाबांना दूरदृष्टी नव्हती.

११ नोव्हेंबर
गवंडी सारखा विचारतो, "मालक, नक्की ना?" संशयी माणूस. शेवटी थापी मीच हातात घेतली. काम झकास झालं.

२० नोव्हेंबर
पहिला ग्रुप. एक आजोबा मधल्या तापलेल्या दगडावर इतके रिलॅक्स झाले की उठवेनात. दोघांनी धरून बाहेर आणलं. थंड हवेत आल्यावर उलटी झाली. शरीरातलं विष बाहेर पडलं. हे ब्रोशरमध्ये घालायचं.

२७ नोव्हेंबर
मांजर आत यायला तयार नाही. सगळा हिवाळा गरम फरशीवर लोळायची, आता उंबऱ्याबाहेर बर्फात बसते. गर्दी सोसत नसेल.
ताईचं डोकं दुखतंय. चष्मा बदल, म्हटलं.

४ डिसेंबर
मास्टरस्ट्रोक! गल्लीतल्या पेरिहानचं लग्न आहे. लग्नाआधीची नवरीची अंघोळ आमच्याकडेच, आणि टूरिस्ट बायकांनाही आत प्रवेश. डफ, गाणी, मेंदी, सगळं अस्सल. पेरिहानची आई ताईला म्हणाली, "तू आहेस म्हणून पाठवते हो पोरीला." मी तिथेच उभा होतो.
भट्टीत लाकूड दुप्पट घालायला सांगितलं. पाहुण्यांना थंडी वाजता कामा नये.

९ डिसेंबर
भट्टीवाला दोन दिवस आला नाही. म्हणे चक्कर येते. आळशी. दुसरा आणला.
ताई हट्टाला पेटली, "धुराडी उघड, नाहीतर मी नवरीला आणणार नाही." कार्यक्रम झाल्यावर उघडतो, असा शब्द दिला, तेव्हा कशीबशी तयार झाली. माझा शब्द म्हणजे शब्द.

१३ डिसेंबर, दुपार, गच्चीवरून
खाली बायका, वर त्यांचे नवरे आणि मी. चहा उत्तम जमलाय. खालून डफ ऐकू येतो, बायका हसतायत. पाहुणे खूश. बाबांनी बघायला हवं होतं.
डफ थांबला. गाणंही. पाहुण्यांना सांगितलं, आता विश्रांतीचा विधी. असा विधी नाही, पण असायला हरकत नाही.
बराच वेळ झाला. आवाज नाही. विधी छान रंगलेला दिसतोय.
कुणीतरी दार बडवतंय.

१४ डिसेंबर
शेजारच्या रेमझियेमावशीने सांगितलं. पहिली बाई कोसळली तेव्हा ताईने ओळखलं, भट्टीची विषारी हवा आत कोंडली आहे. एकेकीला पंच्यानिशी ओढत बाहेरच्या खोलीत आणलं, दारं सताड उघडली. नवरी शेवटची. तिला उंबऱ्याबाहेर टाकलं आणि ताई तिथेच पडली.
बायका शुद्धीवर आहेत. ताई इस्पितळात, अजून बेशुद्ध.
हमामाला सील लागलं. टूरिस्टांनी फोटो काढले.
हवामानाचा दोष असू शकतो. काल वारा अजिबात नव्हता.

१७ डिसेंबर
ताईने सकाळी डोळे उघडले, मी संध्याकाळी भेटायला गेलो. जीभ जड झाली आहे, तुटक बोलते. विचारलं, "पोरी?"
सगळ्या बऱ्या आहेत, म्हटलं.
"पेरिहान?"
तीही. लग्न ठरल्या दिवशीच होणार.
मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आपण कोण?"
औषधांमुळे असेल. नर्सला तसं सांगितलं. नर्स म्हणाली, "विसरल्या कुठे? तुमच्याबद्दल तर सकाळीच बोलल्या. म्हणाल्या, भाऊ आला तर आत सोडू नका."