गुलाबांसाठी ताजं शेण

८ जून
कॉलेज सोडलं ते बरंच झालं. सेकंड इयरच्या पोरांना सोसायटीची बाग सुधारायला वेळ कुठे असतो? काल जिन्यात पहिल्या मजल्यावरची उन्नती आईला सांगत होती, खालच्या गुलाबांना एक फूल येत नाही, मातीच मेलीय. बोलताना माझ्याकडे बघितलं. म्हणजे मलाच सांगत होती. दहा ऑगस्टला तिचा वाढदिवस. तोवर तिच्या खिडकीखाली गुलाबच गुलाब. मग बोलणार. फायनल.

९ जून
खणलं. बिल्डरनं मातीच्या नावाखाली राबिट भरलंय. विटा, टाइल्सचे तुकडे, अख्खं बेसिन. त्याला इथेच पुरला पाहिजे.

११ जून
तबेल्यातून सहा गोणी शेण आणलं, पप्पांच्या स्कूटरवर. ताजं, वाफाळतं. तळमजल्यावरचे व्हिन्सेंटकाका (वसईत वाडी आहे, म्हणून जगातली सगळी माती यांचीच) खिडकीतून म्हणाले, अरे कौस्तुभ, कुजू दे रे बाबा सहा महिने. ओलं शेण गरम असतं, मुळं जाळील.
सहा महिने! वाढदिवस काय थांबणारे? म्हटलं, काका, मीपण गरमच आहे. या म्हाताऱ्यांना सगळंच कुजवायचं असतं.

१३ जून
मला बघून उन्नतीनं खिडकी लावून घेतली. लाजते.

१४ जून
आज तिच्या आईनं, विनिताकाकूंनी, तीच खिडकी उघडली. पूर्ण बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडल्या, घास उतरत नाही, आधी या माशा घेऊन जा तुझ्या! माझ्या माशा?
संध्याकाळी मीटिंग. विचारलं, फुलं हवीत आणि वास नको? आवाज चढवला. पप्पांनी माझ्यापेक्षा चढवला.

२६ जून
पानं पिवळी. उघड आहे, शेण कमी पडलं. अजून चार गोणी.

५ जुलै
गुलाब मेले. सगळे. काकांनी खिडकीतून बघून नुसती मान हलवली. बोलले असते तर परवडलं असतं. मुळात ती रोपंच बोगस होती.

१६ जुलै
वाफ्यात काहीतरी उगवतंय! दाट! गुलाबाचं बी पडलं असणार. काकांच्या खिडकीखाली मुद्दाम मोठ्यानं हसलो.

२९ जुलै
लाल माठ आहे. भाजीचा. काका म्हणे, म्हशींनी खाल्लेलं बी. शेण कुजलं असतं तर तेही मेलं असतं. गुडघ्याएवढा वाढलाय. उपटायला गेलो तर विनिताकाकू धावत आल्या, खबरदार हात लावलास तर! माशावाल्या याच.
आता रोज सकाळी बायका सुऱ्या घेऊन खाली. 'कौस्तुभची भाजी' म्हणतात. मी काय भाजीवाला आहे? संताप होतोय.

९ ऑगस्ट
रात्री आठला बेल वाजली. दारात उन्नती. एकटी. पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. उद्या दुपारी डोंबिवलीहून तिला बघायला येतायत. मुलाला लाल माठ फार आवडतो. सकाळी दोन जुड्या मिळतील का? बायकांनी सगळा न्यायच्या आत? 'प्लीज हं.'
दार आपटणार होतो.
टॉर्च घेऊन खाली गेलो. दोन जुड्या काढून ठेवल्या. कोवळ्या बघून.