जोडीतली थरथर

प्रिय सुदियासा,

तू बोटीवर नोकरीला गेलास आणि माझ्या कानात शिटी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "कान शाबूत आहेत, नसा ताणल्यात. काळजी सोडा."

लहानपणी तू विचारायचास, गामेलानच्या वाद्यांच्या जोडीत एकाची काशाची पट्टी मुद्दाम उतरती का लावता? मी सांगायचो, दोन्ही एकदम वाजल्या की सूर थरथरावा म्हणून. काल देवळाची नवी जोडी लावली. थरथर मला स्पष्ट ऐकू आली. माझ्या हाताखालच्या माद्रानं वाजवून पाहिलं. "काका, दोन्ही एकाच सुरात! मढं वाजतंय नुसतं." सगळे हसले. थरथर माझ्याच कानातली होती. एक पट्टी घासून उतरवायला त्यानं कानस मागितली, मी दिली.

तुझी आई म्हणते, "पोराला बोलवून घ्या, नसा सैल पडतील." तू आलास आणि तरीही शिटी राहिली, तर मग वाट कशाची बघू? म्हणून हे पत्र पाठवत नाही.

तुझा,
बाबा