बारा टँकर

लातूर, एप्रिल २०१६, सोमवार

निलंगा रोडवरच्या वस्तीचा टँकर बंद झाला तो माझ्या घरात लिहिलेल्या प्रोग्रॅममुळे, म्हणून आज लिहायला बसले.

माझ्या कॉम्प्युटर क्लासची झाडलोट करणारी शांताबाई त्याच वस्तीवर राहते. सकाळी दारातच म्हणाली, "बाई, कागदावर आम्हाला रोज बारा टँकर हायत म्हणं, लई झाले म्हणून बंद केले. पोहायला शिकावं का आता?"

बारा. येत होते सकाळी एक, संध्याकाळी दोन.

टँकरच्या नोंदींचा माझा जुना प्रोग्रॅम पर्ल या संगणकभाषेत होता. नवा जिल्हा होणार अशी चर्चा, म्हणून टँकर पाठवणाऱ्या तहसील कार्यालयाला सगळंच नवं हवं झालं. भाची वैशालीने तो रूबी या नव्या भाषेत उतरवला. "मावशी, रूबी पर्लवरूनच आलीय. दोन्हींत आकडा की मजकूर, हा प्रकार सांगावा लागत नाही."

सांगावा लागत नाही, पण असतो ना. फॉर्ममध्ये भरलेला आकडा आत मजकूर म्हणून येतो. पर्ल अधिकचं चिन्ह पाहून त्याला आकडा मानते. रूबी मजकुराला मजकूर चिकटवते. एकापुढे दोन, बारा. चूक म्हणून दाखवतही नाही. वैशालीने चाचणी घेतली ती आकडे स्वतः प्रोग्रॅममध्ये लिहून. फॉर्म एकदाही भरला नाही.

आणि कार्यालयातले साहेब? या दुष्काळात एका वस्तीला बारा टँकर, हे खटकू नये? "मॅडम, कॉम्प्युटरनं दिलंय."

साहेबांना दिला: दुरुस्त प्रोग्रॅम, पेनड्राइव्हवर. पोच घेतली. टँकर मात्र नवा आदेश निघाल्यावरच येणार, म्हणाले.

शांताबाईला दिल्या: माझ्या टाकीतल्या दोन कळशा. घेतल्या आणि वस्तीकडे निघाली.