ताकातली गोळी

१९ जाने. ९८, इस्लामपूर
ॲसिडिटीच्या गोळ्या आजपासून बंद. सांगलीच्या डॉ.नी तपासणीला २ फेब्रु. तारीख दिली आहे, तोवर एकही गोळी नको. अल्सरचे जंतू औषधांच्या कोर्सनं मेले का, ते श्वासाच्या तपासणीत कळणार. आई पोटाच्या कॅन्सरनं गेली तेव्हा सेहेचाळीस वर्षांची. तिलाही सगळे पित्तच म्हणायचे. मला मार्चमध्ये पंचेचाळीस पुरी.

२२ जाने.
जळजळ. चौथीच्या वर्गात फळ्याला टेकून शिकवलं. चहा सोडला. सासूबाई, "एक गोळी खाल्लीस तर काय बिघडतंय गं?" समजावलं. पटलं नाही.

२६ जाने.
झेंडावंदनाला तासभर उन्हात. घरी येऊन आडवी. सासूबाई पाय चेपायला बसल्या. नको म्हटलं, ऐकेनात.

२९ जाने.
दोन दिवस एकदम बरं. झोप लागते. जंतू गेले असावेत. ह्यांना पठाणकोटला पत्र टाकलं, काळजी नको म्हणून.

१ फेब्रु.
उद्याची तयारी करत होते. सासूबाई दारात येऊन उभ्या.
"सुमन, रागावू नगंस. तुजं हाल बघवंनात. रोज दुपारच्या ताकात गोळी कुटून घातलीया म्या."
"कधीपासून?"
"झेंड्याच्या दिसापासनं."
उठून मागच्या दारी गेले. तोंड उघडलं असतं तर नको ते...
गोळीनं जंतू दबतात, तपासणीत दिसत नाहीत. म्हणजे गप्प राहिले तर रिपोर्ट चांगलाच. ह्यांना कळवता येईल. मीही निवांत. दुपारभर हेच डोक्यात.
संध्या. एसटीडी बूथवरून डॉ.ना घरी फोन. खरं ते सांगितलं. "पुन्हा दोन आठवडे गोळी नाही. सोळाला या." बूथबाहेर रडू आलं.

८ फेब्रु.
पुन्हा तीच आग. सासूबाईंनी गोळ्या शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवल्यात. आज मीच मागायला गेले. काकू दारातच, "न्हाई देणार बाई. म्हातारीनं शपथ घातलीया." परत आले.

१६ फेब्रु.
सांगली. रात्रीपासून उपाशी, पाणीसुद्धा नाही. सासूबाई बरोबर आल्या, त्याही उपाशी. "भूक न्हाई" म्हणे. एका पिशवीत फुंकलं, आंबट पाणी प्यायले, अर्धा तास बसून दुसरीत फुंकलं. पिशव्या मुंबईला जाणार. निकाल आठ-दहा दिवसांनी.
स्टँडवर इडली घेतली. सासूबाईंनी एक खाल्ली. मग,
"नुसत्या फुकण्यानं कळतंय व्हय, आत काय हाय ते?"
"कळतं."
"मग मलाबी फुकायला लावायचं हुतंस. माजंबी लय जळतंय."
कधीपासून, विचारलं.
"तुजं लगीन व्हायच्या आदीपासनं."
इस्लामपूरची गाडी लागली. त्या उठल्या, मी तशीच बसून.