आडाचं नाव

जळगाव,
१२ एप्रिल १९८७

प्रिय प्रमिला,

अनेक आशीर्वाद. तुझं संक्रांतीनंतरचं पत्र अजून माझ्या चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलेलं आहे. उत्तर धाडलं नाही म्हणजे वाचलं नाही, असं समजू नकोस. तुझी आई रोज चष्मा पुसायच्या निमित्ताने ते पत्र बाहेर काढते आणि मला दिसेल असं चहाच्या कपाशेजारी ठेवते.  गेले दोन-अडीच महिने आमटीला चव नाही, यावरून काय ते मी समजतो.

रुपचंदशीच लग्न करीन, पण तुम्ही हो म्हटलं तरच, आणि नाही म्हणणार असाल तर दुसरं स्थळ दाखवू नका, असं तू लिहिलंस. मुलगा वाईट आहे असं मी कधीच म्हटलं नव्हतं. शिंदखेड्याचं घर चांगलं, माणसं शब्दाची, मुलगा धुळ्याला नोकरीत आणि अक्षर मोत्यासारखं. पण आडनाव बोरसे. बोरसेंची मुलगी बोरसेंच्याच घरात देणं म्हणजे भावाच्या घरात देणं, असं मी तुला तोंडावर बोललो आणि तू भरल्या ताटावरून उठून गेलीस. आता त्याच्या वडिलांचा निरोप आलाय की आखाजीपर्यंत वाट बघू, मग दुसरीकडे बोलणी करू. अक्षय्य तृतीया तर तोंडावर आली.

गंमत बघ, हे सगळं मीच ओढवून घेतलं. वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर झालो, तेव्हा लोक म्हणाले, बन्सीभाऊ, आता आराम करा. मला आराम कधी जमलाय? मी बोरसे कुळाचा इतिहास काढला. दिसला बोरसे की त्याला कार्ड टाकायचं. माझं अक्षर कोंबडीचे पाय, म्हणून कार्डं लिहायला तुला बसवलं. उत्तरं काय एकेक आली. अमळनेरच्या पैलवान बोरसेंनी चांदीच्या गदेसोबतचा फोटो पाठवला. नंदुरबारच्या डॉक्टरांनी भाटाच्या वहीतून चौदा पिढ्या उतरवून दिल्या, त्यात मधेच दोन पिढ्या एकाच माणसाच्या निघाल्या. पुण्याच्या एका बाईंनी केळीच्या रोगावरचा आपला प्रबंधच पाठवला, कारण त्यावर त्यांचं माहेरचं आडनाव छापलेलं होतं. तो मी सबंध वाचला. कळला नाही, पण अभिमान वाटला.

भुसावळचे तोताराम बोरसे आठवतात का? रेल्वेत गार्ड होते, आपल्याकडे चहाला आले होते. बौद्ध समाजातले. मी आपला कागद पुढे करून विचारलं, तुमचं मूळ गाव कोणतं, मूळ पुरुष कोण. ते शांतपणे म्हणाले, "आमच्या आजोबांना आडनाव कुणी विचारतच नव्हतं, नाना. वडिलांनी ते स्वतः निवडून घेतलं. मूळ पुरुष लिहायचा तर त्यांनाच लिहा." मला त्यांना कुठल्या फांदीवर बसवावं कळेना, म्हणून ते पान मी तसंच कोरं ठेवलं होतं. त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला आता कुठे लागतोय.

मग शिंदखेड्याहून ते जाड पाकीट आलं. जुन्या मोडी कागदांच्या नकला, खाली बाळबोधीत अर्थ, आणि सही रुपचंद देवचंद बोरसे. मी इतका खूष झालो की तुला म्हटलं, तू धुळ्यालाच शाळेत शिकवतेस, तर रविवारी संशोधन मंडळात जा, हा मुलगा तिथे येतो, त्याच्याकडून आणखी कागद वाचून घे. तू गेलीस. पुढच्या रविवारीही गेलीस. कागद येत राहिले आणि तुझी आई मात्र ते कागद हातात धरून माझ्याकडे बघून हसायची. मला वाटायचं, तिलाही इतिहासाची गोडी लागली.

असो. पुस्तक मोतीलालच्या छापखान्यात दिलं होतं. पहिलं प्रकरण जुळवून तयार होतं: बोरी नदीच्या काठचे म्हणून आपण बोरसे, मूळ पुरुष घोड्यावरून आला, हातात भाला. घोडा कुठून आला ते विचारू नकोस, मला लिहिताना तो स्पष्ट दिसला होता. पहिल्या पानावर कुळातल्या सर्वांत वयस्कर माणसाचा फोटो हवा, म्हणून गेल्या सोमवारी गावी गेलो. आपली ताईफुई, माझी आत्या, ऐंशीच्या पुढची. ती ओट्यावर बसून चिंचा फोडत होती. मी तिला प्रुफं वाचून दाखवली. घोड्यापाशी आलो तर ती हसायला लागली. इतकी हसली की चिंचोके सांडले.

"आपन कसाना बोरसे रे बन्सी?" म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. माझ्या वडिलांना, निंबाला, शाळेत घालायला माझे आजोबा चुडामण घेऊन गेले. ही थोरली बहीण, भावाचा हात धरून सोबत होती. मास्तर कोकणातले, नवे आलेले. त्यांनी मुलाचं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, आणि मग विचारलं, आडनाव काय? तोवर आपल्या घरात आडनाव कुणाला लागलंच नव्हतं. चुडामण म्हटलं की अख्ख्या गावाला कळायचं. आजोबांना वाटलं, मास्तर आडाचं नाव विचारतोय. नवा माणूस, पाण्याची चौकशी करत असेल. गावाबाहेर आपला आड, त्याच्या कडेला बोरीचं झाड. ते म्हणाले, "आडले कसानं नाव ऱ्हास, मास्तर? तठे बोर शे." मास्तरांना आपलं 'शे' म्हणजे 'आहे' हे कुठे ठाऊक, त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं, बोरसे.

मी म्हटलं, फुई, इतकी वर्षं मी गावोगाव कार्डं टाकतोय, तू एका शब्दाने बोलली नाहीस. ती म्हणाली, "माले कोनी इचारंच नही."

प्रमिला, मला आधी राग आला. फुईचा नाही, आजोबांचाही नाही. चार वर्षं जपलेला माझा घोडा एका बोरीच्या झाडाला बांधला गेला, त्याचा. आपली नदी नाही, भाला नाही, चौदा पिढ्या तर नाहीतच. मी तसाच उठून आडाकडे गेलो. आता त्यावर मोटर बसली आहे. बोरीचं झाड आहे की नाही, तर आहे, अर्धं वाळलेलं, अर्धं हिरवं. त्याच्या सावलीत बसलो आणि हळूहळू डोक्यात उजेड पडला, की आपण जर बोरसे नाहीच, तर शिंदखेड्याचे बोरसे आपले कोण? कुणी नाहीत. सोयरे होऊ शकतात. मी एकटाच मोठ्याने हसलो. शेजारच्या शेतातल्या बाईने मान वर करून बघितलं.

आता तू म्हणशील, नाना, पुरावा काय? मलाही तोच किडा चावला. शाळा जवळच होती, उठलो आणि निघालो. जुनं रजिस्टर असलं तर असेल, हेडमास्तर ओळखीचे आहेत. फाटकापर्यंत गेलो आणि मला एक गोष्ट आठवली. होळीनंतर तुझी आई कुरडया करायला म्हणून एकटीच गावी जाऊन आली होती. फुईकडे मुक्काम होता. परत आली तेव्हा कुरडया मूठभर आणि चेहरा मात्र सगळी कामं उरकल्यासारखा. आणि सोमवारी मी गावी निघालो, तेव्हा स्वतःहून म्हणाली होती, फुईला पहिलं प्रकरण वाचून दाखवाल ना?

मी फाटकाची कडी लावली आणि एसटी स्टँडवर आलो. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट पडताळून बघितली नाही. फुईने सांगितलं ते जसंच्या तसं घडलं असेल. नसेल तर दोन बायकांनी चिंचा फोडता फोडता माझ्या चार वर्षांपेक्षा चांगलं संशोधन केलं. मला दोन्ही कबूल आहे. घरी येऊन सगळी हकीकत सांगितली तर तुझी आई म्हणाली, अगं बाई, खरंच का? आणि त्या दिवशीच्या आमटीला काय चव होती म्हणून सांगू.

तर पत्र एवढ्यासाठी की, माझं हो आहे. खरं सांगतो, आडाची गोष्ट कळली नसती तरी बहुतेक म्हटलं असतं, फक्त आखाजी उलटून गेली असती आणि मग जन्मभर तुझ्या डोळ्याला डोळा देता आला नसता. देवचंदभाऊंना मी वेगळं पत्र घातलं आहे. आखाजीला तू ये आणि रुपचंदला घेऊन ये, त्याचे आई-वडील आले तर फारच बरं. खापराच्या पुरणपोळ्या आहेत, आमरस आहे. फुईलाही आणतोय. पुढच्या आखाजीला तू माहेरवाशीण म्हणून झोक्यावर बसशील, त्यासाठी झोक्याचे दोर आत्ताच नवे आणून ठेवलेत. आज सकाळी मोतीलालकडे जाऊन पहिलं प्रकरण मोडायला सांगितलं. पुस्तक होईल, पण त्याची सुरुवात आडापासून होईल, आणि तोतारामभाऊंचं कोरं पान त्यांच्या वडिलांच्या नावाने भरेल. मोतीलाल हळहळला, म्हणाला, एवढे जुळवलेले अक्षरांचे खिळे सोडवायचे? मी म्हटलं, सोडव, आणि त्याच खिळ्यांतून माझ्या मुलीची लग्नपत्रिका जुळव. त्याने वर-वधूची नावं लिहून घेतली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, दोन्हीकडे बोरसेच? मी म्हटलं, छाप बिनधास्त. त्यांचं आडनाव आहे. आमचं बोर शे.

तुझाच,
नाना